दिवाणखाना आणि मागची खोली

आमच्या नांदेडच्या घरात नवा दिवाणखाना झाला, त्याच वर्षी मला माझ्या घराची लाज वाटू लागली. त्याआधी घर अंधारं होतं, भिंतींना पोपडे आले होते, माळवदाची माती जेवताना ताटात पडायची. पण लाज कधी वाटली नव्हती. गल्लीतली सगळीच घरं तशी होती आणि माती सगळ्यांच्याच ताटात पडत होती.

निजामाचं राज्य तेव्हा अजून होतं. वडील वकील होते. कचेरीतला सारा कारभार उर्दूत, त्यामुळे त्यांची उर्दू फर्डी होती आणि घरातही राग आला की ते उर्दूतच रागवत. आम्हा मुलींना त्यातलं अर्धं कळत नसे, पण घाबरायला उरलेलं अर्धं पुरत असे. खेड्यापाड्यातून खटल्याच्या कामाला आलेले मुवक्कील सकाळपासून ओसरीवर बसलेले असत. ओसरीच्या आत माजघर. माजघराच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला देवांची खोली, आणि अगदी मागे, परसाला लागून, एक लहानशी खोली होती.

त्या खोलीला परसात उघडणारं स्वतःचं दार होतं. आत एक घोंगडं, एक तांब्या, एक पाट आणि कोपऱ्यात गोवऱ्या. महिन्यातले ते दिवस आले की आई, आणि मोठी झाल्यापासून माझी अक्का, तिथे जाऊन बसत. त्या दिवसांत त्यांनी कुणाला शिवायचं नाही, स्वयंपाकघरात आणि देवांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. विहीर, न्हाणी, सगळं परसातच असल्यामुळे त्यांचं काही अडत नसे. ताट परसाच्या दाराशी ठेवलं जाई. ओसरीवरच्या माणसांना त्यातलं काही दिसत नव्हतं, कळत नव्हतं. आणि घरात त्या खोलीला कुणी कधी नाव दिलं नव्हतं. ‘मागं’ म्हणायचं, की झालं.

अक्काला लातूरहून एक स्थळ आलं आणि घर बदलायचं वडिलांच्या मनाने घेतलं. मुलाचे वडील सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मुलगा हैदराबादेत शिकलेला. त्यांच्या लातूरच्या घरी वडील एकदा जाऊन आले होते. तिथे खुर्च्या होत्या, गोल मेज होतं, खिडकीला रंगीत काचा होत्या. परत आल्यावर ते ओसरीत उभे राहून आपल्याच घराकडे असं बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. अक्काला ते स्थळ फार मनापासून हवं होतं. तसं ती कुणाजवळ बोलली नाही, पण तिने मुलाच्या शिक्षणाबद्दल मला इतक्या वेळा सांगितलं की मला त्याच्या परीक्षा पाठ झाल्या.

आधी एक जुना मेस्त्री बोलावला. देवणीकडचा माणूस, आमच्या भागातली बरीच घरं त्याने बांधलेली, आणि हे तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारो न विचारो. अंगाने दांडगा, तोंडात पान, आवाज असा की तिठ्यावर ऐकू जावा. तो आला आणि बस म्हणायच्या आत ओसरीवर बसला. वडिलांनी दिवाणखान्याची कल्पना सांगायला सुरुवात केली तर त्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

“ते हुईल. आधी मला सांगा, घरात बाया किती? पहाटं आधी कोण उठतंय? आन् अडचणीच्या दिसात बाया कुठं बसतात?”

ओसरीवर दोन मुवक्कील होते. आई आत दाराआड उभी होती. मी तिच्या पदराशी होते. वडिलांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला तिथूनही दिसल्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला भिंतीशी मतलब आहे की माझ्या घरच्या बायकांशी?

मेस्त्रीला काहीच वाटलं नाही. तो म्हणाला, “वकीलसाहेब, भिंत कुठं घालायची ते बायांवरनंच कळतंय. तुमी तर दिसभर कचेरीत. माझ्या पैल्या घराला मी बी इचारलं न्हवतं. त्या मालकिणीनं असल्या शिव्या घातल्या, तवापास्नं आधी इचारतो, मग दोरी धरतो.”

वडिलांनी त्याला चहासुद्धा दिला नाही. तो गेल्यावर बदतमीज, बेशरम असे बरेच शब्द ओसरीवर सांडले. मुवक्कीलही माना हलवत होते. मलासुद्धा त्या माणसाची किळस आली होती, हे खरं सांगते. आईकडे बघितलं तर ती दाराच्या फटीतून तो गेला त्या वाटेकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. काय होतं ते मला तेव्हा उमगलं नाही.

मग माझा मामा आला. आईचा धाकटा भाऊ. आजी लवकर गेली म्हणून तो लहानपणीच हैदराबादेला वसतिगृहात राहायला गेलेला, तिथेच शिकला, तिथेच एका कचेरीत साहेबलोकांच्या बंगल्यांचे नकाशे उतरवायच्या कामाला लागला. दिसायला देखणा, बोलायला मवाळ. वडिलांना ‘दाजी’ म्हणताना मान खाली घालायचा. त्याने आल्या आल्या गुंडाळी उलगडली आणि निळ्या शाईतलं आमचं घर जमिनीवर पसरलं. आम्ही सगळे त्याभोवती वाकलो. माजघर आणि स्वयंपाकघर मिळून मोठा दिवाणखाना, समोर दोन खिडक्या, खाली शहाबादी फरशी, आणि स्वयंपाकघर मागे. किती सुबक काढलं होतं त्याने! पायऱ्यांना सावलीसुद्धा दिली होती. त्याने आजवर एकही घर बांधलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते नकाशा बघताना कुणाच्या मनातही आलं नाही. वडील तर खूश होते, कारण त्याने एकही वावगा प्रश्न विचारला नव्हता.

मागच्या खोलीवर बोट ठेवून मामाने विचारलं, हे काय आहे?

“काही नाही,” वडील म्हणाले, “लाकूडफाटा.”

मामाने तिच्यावर फुली मारली. स्वयंपाकघर त्या जागेवर येणार होतं आणि परसात जायचं दार आता स्वयंपाकघरातूनच असणार होतं.

आई तिथेच होती. तिचा तो सख्खा भाऊ, पण बोलायचं कसं? नवऱ्यासमोर भावाला ते सांगायचं नाही, भावासमोर नवऱ्याला सांगायचं नाही. संध्याकाळी वडिलांना वाढताना ती एवढंच म्हणाली, की ती मागची खोली राहू द्या, लागते ती. कशाला लागते, असं वडिलांनी विचारलं. आईने भाकरी मोडून त्यांच्या ताटात घातली आणि म्हणाली, लाकडं असतात ना तिथं. लाकडं बाहेर रचू, असं म्हणून वडिलांनी विषय संपवला. मी समोर जेवत होते. मला खोली कशासाठी लागते ते पक्कं ठाऊक होतं आणि वडिलांनाही ठाऊक असणार, असंही वाटत होतं. पण ज्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही ती वाचवायची कशी?

दिवाणखाना झाला आणि बघायला माणसं आली. रंगीत काचांतून उन्हाचे तांबडे-पिवळे तुकडे फरशीवर पडत. एका ओळखीच्या घरातून वडिलांनी खुर्च्या आणल्या. आम्हाला मात्र भिंतीच्या कडेने ये-जा करण्यापलीकडे आत पाय ठेवायची मनाई होती, फरशीवर डाग पडतील म्हणून. मामाचं सगळीकडे कौतुक चाललं होतं. मलाही तो माझा मामा असल्याचा गर्व होता आणि गल्लीतल्या मैत्रिणींना खिडकीतून आत बघू देण्याआधी मी त्यांना पाय पुसायला लावत असे.

मग आईचे दिवस आले.

सकाळी ती घोंगडं हातात घेऊन माजघर होतं तिथे उभी राहिली. एका बाजूला देवांची खोली. मागे स्वयंपाकघर, आणि परसात जायचं ते त्यातूनच. मध्ये खुर्च्यांचा दिवाणखाना. ती क्षणभर उभी राहिली आणि मग ओसरीवर जाऊन एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसली. ज्या ओसरीवर मुवक्कील यायचे त्याच ओसरीवर. परसात जायचं झालं तर हातात तांब्या घेऊन तिला पुढच्या पायऱ्या उतरून, गल्लीतून, बोळातून वळसा घालून मागच्या फाटकाने जावं लागे. भोकरकडचा एक म्हातारा शेतकरी खटल्याला आला होता. त्याने तिला बघितलं, लगेच पाठ फिरवली आणि पायरीवरच बसला. भला माणूस. पण त्याने पाठ फिरवली त्यावरूनच बाकीच्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी ओसरीच्या त्या कोपऱ्याला बांबूच्या काड्यांची पडद्यासारखी चीक टांगली. स्वतः खिळे ठोकले. त्या चिकेने तर आमची उरलीसुरली अब्रू घालवली. एरवी ती गुंडाळलेली असायची, आणि सोडली की साऱ्या गल्लीला वर्दी जायची. आमच्या घरातल्या बायकांचा महिना भाजीवाल्यालासुद्धा पाठ झाला. नदीवर पाणी भरताना एकजण मला हसत म्हणाली, काय गं, आज तुमच्याकडं पडदा पडला का? मी घागर तशीच टाकून घरी आले. मी तेव्हा बारा वर्षांची असेन. माझी पाळी अजून यायची होती, आणि ती कधीच येऊ नये म्हणून मी रोज देवाला हात जोडत होते. आईची मला लाज वाटायची, अक्काची वाटायची, त्या रंगीत काचांचीही वाटायची.

वडील मामाला काही बोलले नाहीत. बोलणार काय? त्यासाठी आधी ती गोष्ट तोंडातून काढावी लागली असती.

लातूरच्या पाहुण्यांचा दिवस आईने मोजून मापून ठरवला होता, आणि पाहुणे यायच्या दिवशीच पहाटे अक्का रडत उठली. काळजीने असेल, आठ दिवस आधीच झालं. पाहुणे तोवर लातूरहून मोटारीत बसले असणार, त्यांना थांबवायची सोय नव्हती. आई वडिलांना म्हणाली, मी मुलाच्या आईला बाजूला घेऊन सांगते, बायकांचं बायकांना कळतं, पुन्हा येतील. सरळ गोष्ट होती. जुन्या घरात तसंच केलं असतं. पण वडील चिकेकडे बघत राहिले. मुलाला, त्याच्या बापाला त्याच ओसरीवरून आत यायचं होतं आणि चिकेच्या आड, दोन हातांवर, मुलगी जुनेरं नेसून बसलेली असणार होती. वडिलांना ते सहन होईना. त्यांनी ठरवलं, सांगायचं की भोकरची आत्या आजारी पडली, मुलीला तिकडे जावं लागलं. आणि अक्काला परसात कडब्याच्या गंजीमागे बसायला सांगितलं, पाहुणे जाईपर्यंत.

पाहुणे आले. दिवाणखाना त्यांना आवडला. मुलाने काचांना हात लावून बघितला, मुलाचे वडील फरशीची चौकशी करत होते आणि माझे वडील इतक्या उत्साहाने सांगत होते की मला त्यांची दया आली. मुलगी भोकरला गेल्याचं ऐकून मंडळी जरा खट्टू झाली. मुलाची आई मात्र बायकांत बसायचं म्हणून आत स्वयंपाकघरात येऊन बसली. ती तिथे बसली म्हणून आईला परसाच्या दाराशी ताट ठेवता येईना, पाण्याचा तांब्यासुद्धा नेता येईना. उन्हाळा तोंडावर आलेला. मी पुरण वाटत होते आणि माझं सगळं लक्ष त्या दाराकडे होतं. अक्का पहाटेपासून उपाशी होती.

जेवणं झाली. पुरुषमंडळी दिवाणखान्यात विडे लावत होती. मुलाची आई हात धुवायला परसात गेली. आई उठून तिच्यामागे जायच्या आत ती दाराबाहेर गेलेली होती. ती बराच वेळ आली नाही. विहिरीचा रहाट वाजला, मग पाणी ओतल्याचा आवाज झाला. आई चुलीपुढे तशीच बसून राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

ती बाई परत आली ती स्वयंपाकघरात थांबली नाही. सरळ दिवाणखान्याच्या दारात गेली आणि पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, माझ्या वडिलांना म्हणाली, “तुमची लेक कडब्याच्या आड उन्हात बसली आहे. मी पाणी दिलंय तिला.”

एवढंच. आवाजही चढवला नाही. मुलाने हातातला विडा खाली ठेवला. मुलाचे वडील उठले, जाण्याबद्दल काहीतरी बोलले. माझे वडील खुर्चीवरच होते, उठायचं भान त्यांना राहिलं नाही. पाहुण्यांना निरोप द्यायला पायऱ्यांपर्यंत कुणीच गेलं नाही. मी दाराआड उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

हे स्थळ सुचवणारा मध्यस्थ चारआठ दिवसांनी आला. तो भिडस्त माणूस, बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. शेवटी वडिलांनीच विचारलं. तेव्हा तो म्हणाला की मुलीबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. त्या माउलीला मुलगी पसंत होती. घर पसंत पडलं नाही.

मामा तेव्हा आमच्याकडेच होता. वडील त्याच्याकडे वळले आणि अगदी भाबडेपणाने विचारू लागले, की काय कमी होतं घरात? फरशी झाली, खिडक्या झाल्या, खुर्च्या होत्या. मामा आपल्या परीने विचार करू लागला, म्हणाला, दाजी, उजेड थोडा कमी पडत असेल. तेव्हा आई दाराआडून बाहेर आली. मध्यस्थ बसलेला, भाऊ बसलेला, आणि ती चौघांदेखत वडिलांसमोर उभी राहिली. असं तिने कधी केलं नव्हतं.

“त्या खोलीत लाकडं नव्हती,” ती म्हणाली. “तिथं आम्ही बसत होतो. लग्न झाल्यापासून बसत होते मी. तुम्हाला ठाऊक होतं.”

मामाने आधी तिच्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. जन्म वसतिगृहात गेलेला, बायका कुठे बसतात हे तो कुठून जाणणार? त्याचे कान लाल झालेले मी बघितले आणि पहिल्यांदा मला त्याच्या नकाशाचा राग आला. पुढे त्याने पुष्कळ घरं बांधली, आणि चांगली बांधली. नकाशा काढण्याआधी घरातल्या बायकांशी बोलू द्या म्हणून अडून बसतो, अशी त्याची ख्याती झाली. कुणी त्याला विचित्र म्हणे, कुणी आगाऊ. पण त्याचं पहिलं घर आमचं होतं, आणि त्या शिकण्याची किंमत अक्काने मोजली. तिला पुढच्या वर्षी धर्माबादला एका बिजवराला दिली. माणूस वाईट नव्हता. लातूरच्या मुलाचं नाव मात्र तिने पुन्हा माझ्याजवळ काढलं नाही.

त्या बोलण्यानंतरच्या महिन्यात आईचे दिवस आले, तेव्हा ती ओसरीकडे गेलीच नाही. घोंगडं घेतलं, दिवाणखान्यात गेली, काठीने एक खुर्ची बाजूला सारली आणि खिडकीखाली नव्या फरशीवर बसली. मी दारात उभी राहून तिला हाका मारत होते, की आई उठ, कुणी येईल. मला तिचा राग येत होता. ओसरीवर निदान चीक होती, इथे तर काहीच नव्हतं.

वडील कचेरीतून आले. छत्री हातात तशीच. त्यांनी दारातून आत बघितलं. तांबडा-पिवळा उजेड आईच्या पाठीवर पडला होता.

आई उठली नाही. म्हणाली, “कुठं बसू ते सांगा. तुम्ही सांगाल तिथं जाते.”

वडिलांनी आमच्या घराकडे असं बघितलं, जणू आपल्याला ठाऊक नसलेली एखादी खोली कुठे निघते का ते शोधत आहेत. मग ते मागे वळले, छत्री भिंतीला टेकवली आणि ओसरीवर पायरीजवळ बसले. चीक काढून त्यांनी गुंडाळून ठेवली. थोड्या वेळाने मुवक्कील यायला लागले. त्यातल्या पहिल्याने सवयीने आत डोकावलं. वडिलांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि मराठीतच, प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आत घरातली बाई बसली आहे. तिला जागा नाही ठेवली मी. आपण इथंच बोलू.”

तो माणूस खाली बघत राहिला. वडीलही खाली बघत होते. त्या दिवशी जितके आले तितक्यांना त्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि मी दाराआड उभी राहून प्रत्येक वेळी ऐकलं.